कधीच न खोडणारे साडू

आमच्या साडूंनी आयुष्यात कधी काही खोडलेलं नाही. खोडरबर ही वस्तू उद्या जगातून नाहीशी झाली, तर ती बातमी सगळ्यांत शेवटी त्यांना कळेल, आणि कळल्यावर ते म्हणतील, "हुती व्हय अजून?" आपण चारचौघं चुकलो की आधी इकडेतिकडे बघतो, कुणाचं लक्ष नाही याची खात्री करतो आणि गुपचूप चूक पुसून टाकतो. साडू चुकले की त्या चुकीवर एक आडवी रेघ मारतात, तीही इतक्या बेतानं की खालचं अक्षर स्वच्छ वाचता यावं. मग शेजारी बरोबर काय ते लिहितात, खाली तारीख घालतात आणि का चुकलं ते एका ओळीत नोंदवतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. त्यांच्यामुळे माझी एक फार मोठी चूक पुसायची राहून गेली, आणि त्याबद्दल मी त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण ते पुढं सांगतो. आधी त्यांची ओळख करून द्यायला हवी, कारण ते स्वतः ती कधी करून देत नाहीत.

साडू एका फौंड्रीत ड्राफ्ट्समन होते. त्यांचे वडील त्याच फौंड्रीत साच्याची माती कालवत, आणि मुलगा वरच्या मजल्यावर ड्रॉइंग बोर्डापाशी बसला याचा त्यांना इतका अभिमान की जेवणाच्या सुट्टीत ते अंगणात उभे राहून नुसते त्या खिडकीकडे बघत. त्या काळी नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढत आणि माप बदललं की जुनी शाई ब्लेडनं खरवडत. साडू नोकरीला लागले त्याच वर्षी कुणीतरी एक माप असंच खरवडून नवं घातलं. नवं माप चुकीचं होतं. चाळीस नग वाया गेले, आणि जुनं माप काय होतं आणि ते का बदललं, हे सांगायला कागदावर काहीच उरलं नव्हतं. त्या दिवसापासून साडूंनी ब्लेड फक्त दाढीसाठी वापरलं. नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता असतो, रिव्हिजनचा. ए, बी, सी अशी अक्षरं, काय बदललं, का बदललं, कुणी बदललं. बाकीचे ड्राफ्ट्समन तो साहेबाच्या भीतीनं भरत. साडूंना मात्र तोच नकाशाचा मुख्य भाग वाटे, आणि मधलं चित्र त्या तक्त्यासाठी काढलेलं असावं असा त्यांचा एकंदर समज दिसे.

हा तक्ता फौंड्रीतच राहता तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण साडूंनी तो घरी आणला. त्यांच्या लग्नाची पत्रिका माझ्या बायकोनं अजून जपून ठेवली आहे. उजव्या कोपऱ्यात खाली छापलंय, "रिव्ह. बी. वेळ ११.३० ऐवजी १२.३०. कारण: वराचे मामा." कोपऱ्यात आपला असा उल्लेख आला म्हणून मामा पत्रिका हातात धरून लग्नमंडपाच्या दारात अडून बसले होते. त्यांची समजूत काढायला दुपारचे दीड वाजले, म्हणजे साडूंच्या मते रिव्ह. सी काढायला हवी होती, पण छापखाना बंद होता. उचगावला त्यांच्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीचा कार्यक्रम लिहायचं काम एकदा त्यांच्याकडे आलं. तो कागद लोकांच्या हाती पडला तेव्हा त्यावर रिव्ह. एफपर्यंतचा इतिहास होता. बँडवाले कुणाच्या म्हणण्यावरून बदलले, भाषणांतून कुणाचं नाव का गळलं, सगळं कारणासकट. मिरवणूक बाजूला राहिली आणि विहारासमोर दोन तास तो कोपराच वाचला जात होता.

घरात शिरावं तर मेव्हणीच्या स्वयंपाकघरातही तेच. डब्यांवर चिठ्ठ्या. "साखर" वर रेघ, खाली "रवा", त्यावर रेघ, खाली पुन्हा "साखर", त्यावर रेघ, खाली "मीठ". माझी बायको एकदा तिथं कौतुकानं चहा करायला गेली आणि आम्ही सगळ्यांनी पहिला घोट घेऊन कप खाली ठेवले. साडूंनी मात्र पूर्ण कप प्यायला. पिऊन झाल्यावर तिला शांतपणे म्हणाले, "तुम्ही रिव्ह. सी वाचलासा. डी बघायला पायजे हुतं."

त्यांचं तोंडी बोलणंही याला अपवाद नव्हतं. एकदा स्टँडवर एका परक्या माणसानं त्यांना गडहिंग्लजची गाडी विचारली. साडूंनी बोट दाखवलं, माणूस चढला, गाडी सुटली, आणि मग साडूंच्या लक्षात आलं की ती इचलकरंजीची होती. दुसरा कुणी असता तर चार पावलं गर्दीत सरकला असता. यांनी मला स्कूटरवर मागे घेतलं, गाडीचा पाठलाग केला, उचगावच्या फाट्याच्या आधीच तिला आडवी स्कूटर घातली आणि खिडकीतून त्या माणसाला म्हणाले, "पावणं, मगाशी सांगितलं ते रद्द. कारण, मी चुकलो." कंडक्टरनं जे काही ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. साडूंनी तेही मान हलवत नीट ऐकून घेतलं आणि पावण्याला स्कूटरवर आमच्या दोघांच्या मधे बसवून पुन्हा स्टँडवर आणलं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा फौंड्रीत ड्रॉइंग बोर्ड गेले आणि कॉम्प्युटर आले. साडू आता हरणार असं आम्हांला वाटलं, कारण कॉम्प्युटरसारखं बिनबोभाट खोडणारं यंत्र दुसरं नाही. वर्षभर ते त्याच्यापुढं अबोला धरलेल्या सुनेसारखे बसले. मग कुठूनतरी त्यांना कळलं की प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी आपल्या फायलींची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवतात, काय बदललं, कुणी बदललं, का बदललं, सगळं, आणि त्यासाठी तयार साधनं मिळतात, तीही फुकट. हे कळल्याच्या दिवशी त्यांनी मेव्हणीला पेढे आणायला लावले. घरी मूल झालं की काय म्हणून शेजारच्या बायका येऊन गेल्या.

पुढं दोन हजार सहा-सातच्या सुमारास जो तो ब्लॉग काढू लागला. साडूंनी दहा-बारा ब्लॉग पाहिले. कुठं पानावरून फुलं गळत होती, कुठं उघडताच बासरी वाजत होती, कुठं जांभळ्यावर पिवळी अक्षरं. ते म्हणाले, "ह्यात लिवलंय कुठं?" आणि फौंड्रीतून आल्यावर रोज चहानंतर दोन तास बसून त्यांनी चार महिन्यांत स्वतःचं ब्लॉगचं इंजिन तयार केलं. इंजिन हा शब्द ऐकून सासरेबुवांनी किती हॉर्सपॉवरचं म्हणून विचारलं. त्यावर साडू म्हणाले, "जेवढं लिवणाऱ्याच्यात हाय तेवढं." त्याला नाव ठेवा असा मी आग्रह धरला, तर म्हणाले, "भट्टीला कुणी नाव ठेवतंय व्हय?"

ते इंजिन असं होतं. साध्या फायलीत साधी अक्षरं लिहायची. रंग नाही, चित्र नाही, ठळक-तिरपं काही नाही. मी माझ्या पानावर एक गुलाबाचं फूल मागितलं होतं. "वाचणाऱ्याला वाचायचंय का वास घ्यायचाय?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. फाईल जतन करून एक आज्ञा द्यायची, की यंत्र विचारी, "काय बदललं? का?" कारण निदान तीन शब्दांचं लागे. ते दिलं की लेख पानावर झळके, पांढऱ्यावर काळं, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत "आवृत्ती ४" असं काहीतरी येई. बस. या इंजिनावर आम्ही एकूण तिघं लिहीत होतो. एक निवृत्त कंपाउंडर, जे फक्त कबुतरांवर लिहीत, एक मी आणि एक साडू. साडूंची रोजची नोंद एका ओळीची असे. "आज काही विशेष नाही." आणि दुसऱ्या दिवशी तिची दुसरी आवृत्ती: "काल काही विशेष नाही असे वाटले होते."

मी मंगळवार पेठेत राहणारा, एका हायस्कुलात मराठी शिकवणारा आणि गॅदरिंगची नाटकं बसवणारा माणूस. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर हे सगळं बसवून देऊन साडूंनी मला सविस्तर समजावून सांगितलं, पण कुठं, तर स्कूटरवर. महत्त्वाची गोष्ट ते नेहमी गाडी चालवताना मान मागे वळवून सांगतात. समोर ट्रक, कानांत वारा, आणि मी डोळे मिटून त्यांच्या प्रत्येक वाक्याला "बरं, बरं" म्हणत होतो. तेवढ्यात तळाच्या त्या बारीक अक्षरांबद्दल ते काय बोलले, ते मला ऐकूच आलं नाही. मी समजलो की आवृत्तीचा आकडा म्हणजे एसटीच्या मागं लिहिलेल्या नंबरासारखा, डेपोवाल्यांच्या कामाचा. आणि कारणं जी आपण देतो ती यंत्राच्या पोटात जातात आणि तिथंच राहतात. सुरुवातीला मी कारण म्हणून "उगाच उगाच उगाच" असं टाकत असे. तीन शब्द भरले की यंत्र खूश. पण रोज कुणीतरी "का?" असं विचारू लागलं आणि उत्तर ऐकणारं कुणी नाही अशी खात्री असली, की माणूस हळूहळू खरं बोलायला लागतो. मीही लागलो.

आता ती चूक. आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे. आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि थोरल्या भावाला अण्णा. अण्णा गावी शेतीत, मी कोल्हापुरात नोकरीला. अव्वा गेली त्या दिवशी मी पोचलो तेव्हा सगळं उरकून माणसं परतत होती. मला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. मी रस्त्यातच, अख्ख्या गावासमोर अण्णाला म्हणालो, "तुला तेवढंही थांबवलं नाही. आजपासून मला भाऊ नाही." त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याच्या धाकट्या मुलीच्या बारशाला गेलो नाही, माझ्या घराच्या वास्तूला तो आला नाही.

त्या अव्वावर मी साडूंच्या इंजिनावर लेख लिहायला घेतला. तिच्या हातची भाकरी, तिचं कानडी-मराठी मिसळलेलं बोलणं, विहारात वंदनेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसणं. शेवट अर्थातच तिच्या जाण्याचा. पहिल्या आवृत्तीत मी लिहिलं, "माझ्या भावानं मुद्दाम माझी वाट पाहिली नाही." दुसऱ्या दिवशी वाचलं तर "मुद्दाम" टोचायला लागलं. काढलं. का? "मुद्दाम केलं नसेल त्यानं." चार दिवसांनी एक वाक्य घातलं, की अण्णानं सकाळीच फोन केला होता. कारण दिलं, "फोन आला होता. शेजाऱ्यांनी शाळेत चिठ्ठी पोचवली होती." असं करत करत पाचव्या-सहाव्या आवृत्तीला मी वाक्य काढलं ते "एसटी मिळाली नाही म्हणून उशीर झाला" हे. आणि यंत्रानं नेहमीच्या निर्विकारपणे विचारलं, का? मी टाइप केलं: "एसटी मिळत होती. नाटकाची रंगीत तालीम होती म्हणून पहिल्या दोन गाड्या मी सोडल्या. अव्वा आधी दोनदा बरी झाली होती, याही वेळी होईल असं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही." एवढं लिहून मी ते यंत्राच्या पोटात ढकललं आणि मला फार हलकं वाटलं. शेवटी, नवव्या आवृत्तीत, अण्णाचा सगळा उल्लेखच काढून टाकला. कारण: "त्यानं वाचलं तर त्याला वाईट वाटेल." लेख आता स्वच्छ झाला. त्यात भांडण नव्हतं, आरोप नव्हता आणि माझा गुन्हाही नव्हता. कंपाउंडरांनी वाचून डोळे पुसले म्हणे.

त्यानंतर महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी, दार वाजलं. दारात अण्णा. केस पांढरे झालेले, हातात पिशवी, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि वर गुंडाळी केलेले कागद. बायको पाणी आणायला आत पळाली. अण्णा खुर्चीत बसला, कागद उलगडून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "थोरल्या पोरीनं काढून दिली गावातल्या दुकानातनं. नऊच्या नऊ." मी बघितलं तर माझ्या लेखाच्या साऱ्या आवृत्त्या, पहिलीपासून, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर मी दिलेलं कारण. तळाची ती बारीक अक्षरं दाबली की सगळं मागचं उघडतं, जगात कुणालाही, हे मला तेव्हा कळलं.

मी मान वर केली नाही. अण्णा म्हणाला, "गाड्या बघितल्या रं मी. तू सोडलेल्या दोन्ही. फाट्यावर उभा हुतो. तिसरीला माणसं थांबंनात." मग थोडा वेळ शेंगांची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. "अकरा वर्सं मी सगळ्यास्नी सांगायलोय, माझंच चुकलं, अजून थोडं थांबायला पायजे हुतं. झोप लागायची न्हाय मला. तू लिवलंस त्ये वाचलं आन् त्या दिवशी जेवलो बघ पोटभर." मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तो म्हणाला, "ऊठ. च्या सांग." तो चहा आम्ही दोघांनी एकाच बशीतून प्यायला, लहानपणी प्यायचो तसा, आणि बायको आतल्या दारात उभी राहून रडत होती. तिला तालमीचं त्या दिवशीच कळलं. त्याबद्दल तिनं मला पुढं जे ऐकवलं ते मला ऐकवायलाच हवं होतं.

अण्णाला हा पत्ता कुणी दिला? त्यानं खिशातून एक कार्ड काढून दाखवलं. साडूंचं ठसठशीत, नकाशावर काढल्यासारखं अक्षर. मायना नाही, खुशाली नाही. वर लेखाचा पत्ता, खाली एकच ओळ: "आवृत्ती १ पासून वाचावे."

दुपारी अण्णाला घेऊनच मी उचगाव गाठलं. खरं सांगायचं तर निघालो तेव्हा मनात थोडा राग होता. माझ्या पोटातलं गुपित यांनी परस्पर गडहिंग्लजला धाडलं. साडू अंगणात बसून मेव्हणीच्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या लावत होते. मी म्हणालो, "तुम्ही मला एकदा विचारायचं तरी." ते खरोखर गोंधळले. "विचारायचं काय त्यात? स्कूटरवर सांगितलेलं की तुम्हाला, सगळं उघडं ऱ्हातंय म्हणून. तुम्ही बरं म्हणलासा." मग ते चिठ्ठी बाजूला ठेवून म्हणाले, "हे बघा पावणं. नकाशा बदलला की नवी प्रत सगळ्यांत आधी कुणाला द्यायची? जुनी ज्याच्याकडं हाय त्याला. तुमच्या भावाकडं जुनी प्रत हुती. अकरा वर्सं बिचारा तिच्यावरच काम करायला लागलाय. तुम्ही इकडं माप बदलून बसलाय आन् त्याला पत्ताच न्हाय." यावर अण्णा हसला आणि माझा राग कुठं गेला ते मला समजलंही नाही. मी साडूंचे हात धरले. आभार मानायचे होते, पण मराठीच्या मास्तराला शब्द सापडेनात. साडूंनी हात सोडवून घेतले, कारण त्यांच्या बोटांना डिंक होता.

त्या संध्याकाळी मी लेखाची दहावी आवृत्ती काढली आणि काढलेली वाक्यं परत घातली, तालमीसकट. या खेपेला ती कारणाच्या रकान्यात न घालता मधोमध घातली, सगळ्यांनी वाचावी म्हणून. पुढं अण्णा दर सुगीला येत राहिला. येताना शेंगा आणी आणि जाताना साडूंकडे एक मुक्काम करी. दोघं अंगणात बसत आणि फारसं बोलत नसत. कंपाउंडर गेले, त्यांची कबुतरं साडूंच्या त्या साध्या फायलींत आहेत तशी आहेत. जांभळ्यावर पिवळी अक्षरं असलेले ते सगळे ब्लॉग केव्हाच बुडाले. आमच्या फायली अजून कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतात.

गेल्या वर्षी अण्णाही गेला. मी वेळेवर पोचलो, दोन दिवस आधी. आल्यावर त्याच्यावर लेख लिहिला, आणि तो लिहून झाल्यावर दिसायला लागलं की त्यात दोन-तीन गोष्टी मी चुकीच्या लिहिल्यात. पण मी त्यांना हात लावला नाही. साडूंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रविवारी जाऊन मी त्यांना वाचून दाखवतो. परवा त्यांनी विचारलं, "अण्णांचं पान पैल्या आवृत्तीवरच कसं काय ऱ्हायलंय?" मी म्हणालो, "दुरुस्ती करायची आहे. पण केली तर कळवायची कुणाला? ज्याला कळवायची तो तर गेला." साडूंनी माझा हात चाचपडत शोधून त्यावर आपला ठेवला आणि म्हणाले, "मला कळवा की. मी हाय की अजून."

घरी येऊन मी पहिली दुरुस्ती केली, कारण लिहिलं, आणि येत्या रविवारी ते दोन्ही त्यांना वाचून दाखवणार आहे.